आरशाच्या देवाची पणती

कट्टा हे आमचं बाजारगाव; त्याच्या आसपास कुठेही इंग्रजीत काही आलं की ते फिरून फिरून माझ्याकडे यायचं. औषधाच्या बाटलीतला कागद, दुबईहून आणलेल्या मिक्सरचं पुस्तक, कुणाच्या जावयाला कंपनीने पाठवलेलं पत्र. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो हा माझा गुन्हा, आणि ही त्याची जन्मठेप. नव्या शतकाची तीन-चार वर्षं झाली असतील. एका दुपारी मी आठवीवर होतो, तर शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "सर, एक बाई इली हा. इंग्रजी आसा." म्हणजे बाईसुद्धा वाचून द्यायची.

बाई पन्नाशीची होती, उन्हाने लालेलाल झालेली, पाठीवर पिशवी आणि हातात फायलींचा गठ्ठा. आयर्लंडहून आली होती. शिक्षकांच्या खोलीत चहा दिला तर तिने चहाकडे न बघता फाइल उघडली आणि सांगायला लागली. मी घड्याळाकडे बघत होतो. पाच मिनिटांनी घड्याळ विसरलो.

तिची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. त्या आईचा आजोबा इंग्रजी अमलात मिठाच्या खात्यात नोकरीला म्हणून आमच्या किनाऱ्यावर आला. बायको-पोर तिकडेच. काही वर्षं पत्रं गेली, मग बंद पडली. पुढे कुणी परत गेलेल्या माणसाने घरी सांगितलं, की तो वारला, आणि त्याआधी बढतीसाठी त्याने वरच्या साहेबांचा पंथ धरला, कॅथलिकचा प्रोटेस्टंट झाला. झालं. त्या घरात रोज प्रार्थनेच्या वेळी गेलेल्या माणसांची नावं घेतात, त्यातून त्याचं नाव काढून टाकलं. आई लहान होती तेव्हा तिची आजी त्या जागी आली की जरा थांबायची आणि पुढचं नाव घ्यायची. म्हातारीला ते थांबणं ऐंशी वर्षं विसरता आलं नव्हतं. मरायच्या आधी तिला ते नाव घ्यायचं होतं. पण खात्री पाहिजे होती: तो आपल्या धर्मात मेला का? शेवटी त्याच्याजवळ पाद्री होता का? डॉक्टरांनी आता फार दिवस दिले नव्हते, म्हणून लेक निघून आली.

चार दिवस ती तालुक्याच्या गावांतून हिंडत होती. कॅथलिकांच्या दफनाच्या जुन्या वह्या लॅटिनमध्ये, त्यांत तो नाही. म्हणून प्रोटेस्टंटांकडे गेली, त्यांच्या वह्यांतही नाही. ते म्हणाले, तिकडे बघा. तिकडचे म्हणाले, इकडे बघा. आमच्याकडे सात-बाराचा उतारा काढायला गेलेल्या माणसाची अशीच गत होते. एका घाटकोपरातल्या की कुठल्या माणसाने तिला सांगितलं होतं की मिठाच्या खात्याचं एक ठाणं आमच्या खाडीवर होतं.

"इथे कुणी मिठाचा साहेब वारला होता का?" तिने विचारलं.

वारला होता की. आमच्या वाडीखाली, खाडीच्या वळणावर सातविणीच्या झाडाखाली त्याचं थळ आहे. जांभ्या दगडाचा लांबट चौथरा. गाव त्याला मिठाचो सायब म्हणतो, राखणदार मानतो, आणि दर सोमवारी त्याला नारळ आणि विडी मिळते. आता एका धर्मनिष्ठ बाईला कसं सांगायचं, की तुझा पणजोबा कॅथलिक मेला की प्रोटेस्टंट ते ठाऊक नाही, पण सध्या तो देव आहे?

आणि नुसता देव नाही, आरशाचा देव. नवस फेडायचा तर त्याला आरसा लागतो. झाडाला पाच-पन्नास आरसे टांगलेले असतात, बाजारात मिळतात ते, लाल-हिरव्या प्लॅस्टिकच्या चौकटीचे. कावळे त्यांत बघून दिवसभर स्वतःशी भांडत असतात. आरसाच का, ह्याबद्दल गावात अनेक मतं होती, आणि त्यांतलं सगळ्यात विद्वान मत माझं होतं. शाळेच्या वार्षिकात मी लेख लिहिला होता: आरसा हे आत्मज्ञानाचं प्रतीक आहे, लोकमानसाने आपल्या दैवताकडे आत्मपरीक्षणाची मागणी केली आहे, वगैरे वगैरे. शिक्षणाधिकाऱ्यांनी सही करून कौतुक केलं होतं. ते कात्रण मी घरी काचेखाली ठेवलं होतं.

शाळा सुटल्यावर बाईला घेऊन मी थोरल्या काकांकडे गेलो. काका गावकर. देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा आणि आवाज काकांचा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं म्हणणं. गावकर एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले लोक "होय म्हाराजा" करून त्याला दुजोरा देतात. साहेबाची गोष्टही काकांकडेच होती, बापाकडून आलेली, त्याच्या बापाकडून आलेली.

काका लोट्यावर, म्हणजे ओटीवर, सुपारी कातरत बसले होते. मी म्हटलं, "काका, ह्या आपल्या सायबाच्या शोधात इलेत."

"ये गो बाय, बस," काका म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "इंग्रज काय ही?"

बाईला मालवणी येत नव्हतं, पण 'इंग्रज' तिला बरोबर कळलं. ती ताठ झाली. "नो," ती म्हणाली. "आयरिश."

काकांनी कान पुढे केला. "काय म्हणता?"

"आयरिश," बाई जरा जोरात म्हणाली आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. "आयरिश."

"अगो," काकांनी आत हाक दिली, "हिका आरसो व्हयो. उन्हातसून इली हा, तोंड बघूचा आसात."

काकी लगबगीने आतून आरसा घेऊन आली आणि बाईच्या हातात दिला. बाईने आरशात बघितलं, गालाला काही लागलंय असं वाटून रुमालाने पुसलं, आणि परत म्हणाली, "आयरिश." काकीने आरसा तिच्या तोंडाच्या आणखी जवळ नेला.

मी मात्र जागच्या जागी थिजलो. कारण साहेबाची गोष्ट मी पन्नास वेळा ऐकली होती. साहेब लाल मिशांचा. स्वभावाने गरीब. पण कुणी त्याला इंग्रज म्हटलं की भडकायचा, छाती बडवून "आरीस, आरीस" करायचा. की गावकऱ्यांनी धावत जाऊन आरसा आणायचा. आरशात बघितलं की साहेबाचा राग जायचा आणि तो पोट धरून हसायचा. म्हणून साहेबाला आरशाची आवड. म्हणून नवसाला आरसा.

हसणार नाही तर काय करील बिचारा.

शंभर वर्षं आमचा गाव त्या माणसाला त्याच्या देशाच्या नावाबद्दल आरसे आणून देत होता, आणि मी त्यावर आत्मज्ञान लिहून मोकळा झालो होतो. माझं टाळकंच फिरलं. वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, आणि हे माझ्या डोक्यात यायला एका बाईला आयर्लंडहून यावं लागलं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. लेखाचं सांगितलं नाही. ती आधी बघत राहिली, मग आरसा मांडीवर ठेवून इतकी हसली की काकीसुद्धा काही न कळता हसायला लागली. "तोच आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "आमच्या घरात सगळेच असे आहेत. आम्हाला इंग्रज म्हणून बघा."

पण हसून झाल्यावर ती मूळ प्रश्नावर आली. पाद्री होता का?

मी काकांना प्रश्न समजावायला बसलो. एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट.

"दोघय किरिस्तांवच मां?" काका म्हणाले.

"होय."

"मगे भांडाण कसला?"

मी घसा साफ केला आणि पोपपासून सुरुवात केली. काकांनी अडकित्त्यासकट हात वर केला. "भावबंदकी," ते म्हणाले.

"तसंच काहीतरी."

"मगे तशां सांग मां, मेल्या. उगीच कित्याक लांबण लावतंस?" भाऊबंदकी काकांना शिकवायची गरज नव्हती. पालखीला पहिला खांदा कुणाचा ह्यावरून समोरच्या चुलत घराशी त्यांचं बोलणं वीस वर्षं बंद होतं. त्या घरातला माणूस वारल्यावर त्यांनी सुतक पाळलं, अंघोळ केली, पण त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पाऊल ठेवलं नाही. बाईच्या घरातलं ते नाव न घेणं त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं. त्यांनी सुपारी खाली ठेवली आणि तिच्याकडे तोंड करून, जणू तिला सगळं कळतंय अशा थाटात, मालवणीत सांगू लागले.

"आषाढात सायबाक ताप भरलो. तो सारखो पाद्री, पाद्री करी. माणूस धाडलो, पण खाडयेक पूर. पाद्री पलीकडेच रवलो. मगे माझो पणजो गेलो तेच्याकडे. कोणीतरी देवाक सांगूक व्हया मां, हो माणूस येता हा म्हणान. पणज्यान गाऱ्हाणा घातल्यान. आमचे लोक होय म्हाराजा म्हणीत, आणि सायब आमेन म्हणी. शेवटाक तेचो आवाज इलो नाय, तेव्हा पणजो थांबलो."

मी काकांकडे बघतच राहिलो. मिशी, मीठ, आरसा सगळं मी ऐकलं होतं. पण ताप, पूर आणि पाद्री ह्यांतलं एक अक्षर मी जन्मात ऐकलं नव्हतं. "काका," मी हळूच म्हटलं, "ह्यां खंयसून काढलात?"

"तू कधी इचारलंस? तुका आरशाचोच नाद."

बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. भलती पंचाईत. मी शब्दाला शब्द भाषांतर करून सांगितलं, आणि वर हेही सांगितलं, की हा भाग मी आजच ऐकतोय. हा प्रामाणिकपणा मला आयुष्यभर नडलाय, बढतीतही नडलाय.

तिने विचार केला. "तुमचा काकांवर विश्वास आहे?"

"जमिनीच्या बाबतीत नाही," मी म्हणालो. "देवाच्या बाबतीत आहे." हे खरं होतं. काकांनी बांध सरकवले असतील, पण थळावर उभं राहून खोटं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

ती म्हणाली, मग त्यांना थळावर विचारा.

म्हणून आम्ही सगळे उतरणीने खाली गेलो. आरशांत ऊन पडलं होतं, सगळी सातवीण चकाकत होती. बाई चौथऱ्यापाशी गुडघ्यावर बसली, कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला. काकांनी नारळ समोर धरला, डोळे मिटले आणि सूर लावला. हे तुझंच लेकरू समुद्रापलीकडून इलं हा, ह्येच्या आवशीच्या आजयेन तुझा नाव घेवक नाय ता मनात धरू नको, तुझ्या मरणाची गजाल मी सांगलंय ती खरी आसा, खोटी आसात तर माझ्या जिभेचो न्याय तूच कर. मी आणि काकी "होय म्हाराजा" म्हणत होतो. तोपर्यंत मला हा सगळा डोक्याला ताप वाटत होता, आणि एकदम लक्षात आलं की मी देवाकडे मनापासून मागतोय, की काका खरं बोलत असू देत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कट्ट्याला फोन करायला गेलो. मोबाइलला तेव्हा आमच्याकडे काजूच्या झाडावर चढल्याशिवाय रेंज नसायची. काका का आले ते त्यांनाच ठाऊक, विड्या संपल्यात म्हणाले. बाई काचेच्या खोलीत शिरली. तिकडे सकाळ होती. म्हातारीला कमी ऐकू यायचं, म्हणून लेकीला ओरडावं लागत होतं, आणि अर्धा बाजार हातातली पिशवी खाली ठेवून एक अक्षर न कळता ऐकत उभा होता. बाकी सगळं सांगून झालं. मग बाई एकदम गप्प झाली. पलीकडून तो प्रश्न आला होता.

तिने काचेतून काकांकडे बघितलं. काका बाकावर बसून विडीचं बंडल सोडत होते.

"होता," ती ओरडली. "हो आई, पाद्री होता." मग थोडं थांबून, "नाही. आपला नव्हता. शेजाऱ्यांचा होता."

नंतर बराच वेळ ती नुसती फोन कानाला लावून उभी होती. मला वाटलं लाइन तुटली. शेजाऱ्यांचा म्हणालीच कशाला, असा मला तिचा रागही आला, खरं ते सांगायचा धडा तिला मीच घालून दिला होता तरी. मग तिने दुसरा हात काचेवर टेकला आणि खाली मान घातली.

बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. "तिने घेतलं नाव," ती म्हणाली. "सगळी नावं म्हणाली, आणि त्या जागी आल्यावर थांबली नाही."

मला त्या न पाहिलेल्या म्हातारीचं इतकं वाटलं की बाजाराकडे पाठ करून उभं राहावं लागलं. काकांनी माझा शर्ट ओढला. "काय म्हणता आवस?"

आई काय म्हणाली ते मी सांगितलं. काकांनी विडी पेटवली नाही, कानावर ठेवली. मग म्हणाले, "इचार तिका. नाव काय तेचा?"

मी बाईला विचारलं. तिने सांगितलं. काकांनी म्हणून बघितलं, चुकलं. तिने परत सांगितलं, हळूहळू, तोडून. परत चुकलं. बस येईपर्यंत दोघं त्या बाकावर बसून होती, ती म्हणत होती आणि काका तिच्या ओठांकडे बघत मागून म्हणत होते. बसमध्येही तेच चाललं, आणि वाडीचा थांबा आला तेव्हा काकांना ते न चुकता म्हणता येत होतं.