वायपरच्या टाकीतलं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सात वर्षं झाली. आज लिहायला बसलो तरी दोनदा उठून दाराची कडी बघून आलो. घरात कुणी नाही, हे माहीत असून बघून आलो.

गोष्ट गाडीच्या काचेवर मारायच्या पाण्याची आहे. हसू येईल तुम्हाला. येऊ द्या.

माझं पिंपळगाव बसवंतला शेती-औषधांचं दुकान आहे. राहायला नाशिकला, गंगापूर रोडवर. गिऱ्हाईक सगळे द्राक्षवाले. कुठल्या हवेत कुठली फवारणी, हे दिवसभर लोकांना सांगायचं — त्यातून एक खोड लागली, घरीदारी सगळ्यांना सगळंच सांगायची. वायपरच्या पाण्याचंही माझं शास्त्र होतं. उन्हाळ्यात नुसती धूळ, साधं पाणी पुरतं. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल उडतो, थोडा शॅम्पू घाला. बाजारात बाटलीत मिळतं ते निळं पाणी? ते ज्यांना काही कळत नाही त्यांच्यासाठी. आणि माझा खास शोध म्हणजे स्टिकर. फवारलेलं औषध घरंगळून न जाता पानभर पसरावं म्हणून बागायतदार हे त्यात मिसळतात. पानावर पसरतं, तर काचेवर का नाही पसरणार? मे महिन्यात माझ्याच गाडीत दोन थेंब घालून पाहिले होते. काचेवरचे किडे झकास निघाले. थंडीत कधी पाहिलं नव्हतं.

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कळवणचे. निवृत्त शिक्षक. गाडी हा त्यांचा अभिमान. कळवणातल्या निम्म्या मास्तरांना त्यांनी गाडी शिकवली, आणि इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला ते आणि ताई आले होते. जानेवारी होता. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं म्हणून संध्याकाळी पाहुण्यांत बसले असताना म्हणाले, "वसंता, दवानं काच मळते रे. टाकीत पाणी भरून ठेव. आणि तुझ्या द्राक्षांना पाजतोस तसलं काही पाजू नकोस माझ्या गाडीला!"

"पाजू दे की," ताई म्हणाली, "घड लागतील तुमच्या गाडीला."

सगळे हसले. मीही हसलो. मग खाली गेलो आणि टाकीत पाण्याबरोबर झाकणभर स्टिकर ओतलं. थंडी आहे, दव आहे, जास्त लागेल — असा हिशेब. का केलं? चारचौघांत चेष्टा झाली म्हणून? की काच लखलखली की दाजींनी फोन करून विचारावं, "काय घातलंस रे?" म्हणून?

फोन आला. सकाळी आठला. वणीच्या पुढे गाडी धुक्यातून बाहेर आली, वळणावर ऊन थेट समोर आलं, दाजींनी काचेवर पाणी मारलं — आणि काच पांढरी झाली. गाडी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर गेली. ताईचं उजवं मनगट मोडलं.

मी वणीला पोचलो तेव्हा ती दोघं दवाखान्यात होती. मी आधी दवाखान्यात जायला हवं होतं ना? मी गॅरेजवर गेलो. गाडीचा बंपर आणि दिवा गेला होता, काच शाबूत होती. मिस्त्री चहाला गेलेला. मी बॉनेट उघडलं, टाकीखालची नळी ओढली, सगळं गटारीत जाऊ दिलं. प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या टाकीत ओतल्या. काच रुमालानं पुसली. काम नीट केलं. गटारीत फेस मात्र हलेना. दुपारी दाजी आणि भाचा प्रवीण तिथं आले, तरी तो होताच. मी त्याच्यापुढे पाय रोवून उभा राहिलो.

दाजी म्हणत होते, काच पांढरी झाली, समोरचं काही दिसेना. मग माझ्याकडे वळले. "वसंता, तू साधंच पाणी भरलं होतंस ना?"

"हो दाजी. नळाचं."

इथं थांबता आलं असतं. पण मी गाडीत बसलो आणि वायपरची दांडी ओढली. स्वच्छ पाणी उडालं, वायपर फिरला. मला हे करायला कुणी सांगितलं होतं?

"अण्णा, काच तर आरशासारखी झाली," प्रवीण वडिलांना म्हणाला. मग हळूच, "डोळे दाखवू या का एकदा?"

दाजी त्या काचेकडे बघत राहिले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांना मीच नेलं. मोतीबिंदूची सुरुवात निघाली. एवढ्यानं काही अडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण घरच्यांना हवं ते कारण मिळालं होतं. मलाही. दाजींनी किल्ली प्रवीणकडे दिली. पुढे ऑपरेशन झालं, लख्ख दिसायला लागलं, तरी परत मागितली नाही. आता ते एसटीची वाट बघत उभे राहतात. ताईला भाकरी थापता येत नाही. थंडीत ती तो हात पदरात गुंडाळून बसते, आणि दाजी दुसरीकडे बघतात. त्यांचा फोन आला की अजूनही आधी हेच मनात येतं — कळलं का? कळलेलं नसतं. खुशाली विचारतात.

गेल्या महिन्यात मी त्यांना कळवणहून नाशिकला आणत होतो. वणीच्या अलीकडे धुकं लागलं. ती मोरी मागे पडली. दाजी शेजारी बसले होते. म्हणाले, "त्या दिवशी तू पाणी मारून दाखवलंस, ते बरं केलंस. नाहीतर मी काचेलाच दोष देत राहिलो असतो. गाडी चालवत राहिलो असतो. एखादा जीव गेला असता माझ्या हातून."

मी काचेवर पाणी मारलं. साधं पाणी. वायपर फिरला.

"बरोबर आहे दाजी," मी म्हणालो.

दाजींचे डोळे त्या दिवशी चांगले होते. काच खरंच पांढरी झाली होती. टाकी मी भरली होती, आणि मीच रिकामी केली.