रहाटपाळण्यातली ती बाई

भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून कामाला लागते. वडील अमरावतीला वकील, त्यामुळे घरात प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायची सवय. पण एक गोष्ट माझ्याच बाबतीत घडली — आणि तिचा पुरावा मागायला माझा जीव अजून धजत नाही...

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. हे अंजनगाव सुर्जीला मास्तर होते, लग्नाला सहा वर्षं झालेली. पौषात आम्ही बैलगाडीने बहिरमच्या जत्रेला गेलो. सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि त्यांची नवी नवरी कमळ.

तिथे मोठा रहाटपाळणा आला होता. ही गर्दी! पाळणेवाल्याने दोऱ्या बांधून बायकांची लाईन वेगळी आणि पुरुषांची वेगळी केली होती. एका पाळण्यात दोघं. सासूसमोर नवऱ्याला खेटून बसायची कुणाची छाती? पण दोन्ही लायनींतून नवरा-बायको एकाच वेळी शिडीपाशी पोचले, तर पाळणेवाला त्यांना एकाच पाळण्यात बसवून टाकी. मग म्हणायचं, नंबरच तसा आला, आमचा काय दोष! म्हणून सगळ्या सुना मान खाली घालून पुढची डोकी मोजत होत्या.

कमळने बरोबर मोजलं. उतरली ती गाल लाल करूनच.

"जाऊबाई, यायनं माहा हात धरला होता वो!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षांत ह्यांनी चारचौघांत माझ्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. पाळण्याची हौस नव्हती मला. ह्यांच्या शेजारची जागा हवी होती, एकदाच.

दोन तास उन्हात उभी होते. पलीकडे हे. माझ्यापुढे चौघी उरल्या, ह्यांच्यापुढे चौघे... आणि सासूबाईंची हाक आली, "मोठे, पानी आन वं! माहा जीव घाबरून राह्यला."

मी जागेवर दगड ठेवून गेले. असा दगड कुणी हलवत नसे, तशी रीतच होती. पाणी पाजलं आणि धावत परत आले.

हे वर होते. शेजारी एक बाई — अंजिरी लुगडं, डोक्यावर पदर. माझंही लुगडं अंजिरीच. मान मागे टाकून ती हसत होती आणि हे तिच्याकडे टक लावून बघत होते. कमळच असणार, म्हणून मी दात-ओठ खात वळले... तर कमळ माझ्या मागे फुटाणे खात उभी!

दगड जागच्या जागी होता. लायनीतली मागची बाई माझ्याकडे बघून दचकली.

"अवो माय, तुमी तं आताच चढल्या ना वर?"

पाळणा खाली आला. हे एकटेच उतरले.

"अवं, तू एवढ्यात कशी उतरली?" मग हळूच म्हणाले, "किती हसली वं! तुले असं हसता येते, मले मालूमच नव्हतं."

ती मी नव्हते, हे ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी नुसती मान डोलावली.

त्या दिवसापासून हे बदलले. बाजारातून गजरा येऊ लागला, जेवताना गप्पा होऊ लागल्या. आता कमळ माझा हेवा करायची. आणि मी? मी त्या बाईवर जळत होते. गजरा माळताना दर वेळी वाटे, हा तिच्यासाठी आणलाय.

ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसले होते. हे म्हणाले, "एक डाव तशी हास ना, पाळन्यातल्यावानी."

मी हसले. ह्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"नाई... तशी नाई."

मग माझ्या खांद्यावरून दाराकडे त्यांची नजर गेली, आणि चेहरा पुन्हा तसाच खुलला.

ती कोण होती, कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी मी दाराकडे वळून पाहिलंही नाही. ह्यांचा हात धरून तशीच बसून राहिले. शेजारची जागा एकदा सोडली होती, पुन्हा सोडणार नव्हते.