तिसरं पाकीट

बाजारात त्याला सगळे कोऱ्या म्हणायचे, आणि त्याला त्याचा राग यायचा नाही. धंदाच तसा होता. टांकसाळीतून नवी नाणी सुटली की मोहोरबंद पाकिटांत बँकेत येत, आणि बँक ती माणशी एक पाकीट अशी वाटे. कोऱ्या रांगेत उभा राहून पाकीट घ्यायचा, कपाटात ठेवायचा आणि वर्षानुवर्षं तिकडे ढुंकूनही पाहायचा नाही. एखाद्या सालाला भाव चढला, की रविवारी एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली घडीचं टेबल मांडून ते पाकीट विकायचा. "हात लागला की नाणं मेलं," असं तो गिऱ्हाइकाला ऐकवे. "मग ते नुसते सुटे पैसे. भाजी आणा त्याची!"

आता माणशी एक म्हटल्यावर घरात माणसं किती, याला आलं महत्त्व. कोऱ्याच्या घरी दुसरं माणूस म्हणजे बायको. शिवणकाम करायची बिचारी. पँटची चेन बदल, उशांचे अभ्रे शिव, असलं. बँकेत नाणी आली की मशीन थांबवायची, रांगेत उभी राहायची, पाकीट नवऱ्याच्या हातात द्यायची आणि परत मशीनवर. तिनं त्याच्यासाठी धरल्या तेवढ्या रांगा कुणी सिनेमाच्या तिकिटांनाही धरल्या नसतील.

घर दोन खोल्यांचं. बाहेरची दमट, भिंतीला पोपडे आलेले. आतली कोरडी. मग कोरडी खोली कुणाला? नाण्यांना! ओल लागली की नाणी काळवंडतात ना. माणसं काय, माणसं काळवंडली तरी चालतात. नवराबायको बाहेर ओट्याशेजारी अंथरूण घालत. थंडीत ती खोकू लागली की कोऱ्या कूस बदलून म्हणायचा, "औषध घे गं," आणि घोरू लागायचा. तसा माणूस वाईट नव्हता हो. हात उगारणं नाही, दारू नाही. फक्त त्याचा जीव कपाटात असायचा.

एका वर्षी ती पोटुशी होती आणि नाणी आली. तरी गेली. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. खिडकीशी पोचल्यावर कोऱ्याला थट्टा सुचली. "साहेब, माणशी एक ना? मग आम्ही तिघं आहोत!" खिडकीमागचा कॅशियर हसला, त्यानं तिच्या पोटाकडे पाहिलं आणि खरंच तिसरं पाकीट सरकवलं. वाटेभर दोघं हसत होती. "जन्माच्या आधीच कमावती झाली बघ," कोऱ्या म्हणाला. मुलगीच होणार हे त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

मुलगीच झाली. महिना पुरा व्हायच्या आत गेली.

फोटो काढायचा राहून गेला होता. बारशाचं नाव ठरायचं होतं. झबली बायकोनं कुणाला तरी देऊन टाकली, कारण ती घडी करून ठेवायला तिचे हात धजेनात. मग एक दिवस तिनं कपाट उघडून तिसरं पाकीट काढलं आणि म्हणाली, "हे विकायचं नाही. हे तिचं आहे. तिच्यासारखंच, जगात आलं आणि कुणाच्या हाताला लागलं नाही." कोऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिच्या गळ्याची शपथ घेतली. तेव्हापासून दर वर्षी पोरीच्या जन्मदिवशी ती ते पाकीट मांडीवर घेऊन थोडा वेळ बसायची आणि परत जागेवर ठेवायची. त्या दिवशी कोऱ्या टेबल मांडत नसे.

पुढे झालं असं, की नेमक्या त्याच साली टांकसाळीत यंत्र बिघडलं होतं आणि नाणी फार कमी पडली होती. भाव वाढू लागला. कोऱ्यानं आपलं पाकीट विकलं, मग बायकोचं विकलं. एक दातांचा डॉक्टर होता, त्याला सगळ्या सालांचा संच पुरा करायचा होता आणि हेच एक साल अडलेलं. तो दर रविवारी येऊन विचारायचा. कोऱ्या म्हणायचा, "नाही हो, ते विकायचं नाही." पुढच्या रविवारी डॉक्टर भाव वाढवायचा. नाही म्हणण्यालाही भाव असतो हे कोऱ्याला कळलं, आणि तिथंच माशी शिंकली. एका रविवारी त्याच्या तोंडून "बघतो" निघून गेलं. त्याच्या पुढच्या रविवारी पाकीट गेलं.

घरी येताना स्वतःला सांगत होता, तिच्यासाठीच केलं, आता नाण्यांना वेगळी जागा बघू, ती कोरड्या खोलीत झोपेल. जागा काही त्यानं बघितली नाही.

जन्मदिवस जवळ आला तसं त्याच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरकडे धावला, हवे तेवढे पैसे देतो म्हणाला. डॉक्टर म्हणाला, "अहो, ते तर मी केव्हाच फोडलं. एक नाणं संचात लावलं, बाकीची मित्रांना वाटली." कोऱ्या तिथल्या बाकावर मटकन बसला. लोकांना वाटलं, याची दाढ दुखतेय.

मग त्यानं जे केलं, ते करणाऱ्यांना तो आयुष्यभर शिव्या घालत आला होता. दुकानादुकानांतून सुटे घेऊन त्या सालाचं एक झिजलेलं नाणं शोधलं, आणि दार लावून दंतमंजनानं, मऊ फडक्यानं ते घासलं. लख्ख केलं. मखमली डबीत ठेवलं. बायकोला म्हणाला, "पाकिटाला ओल लागली होती गं. सगळी डागाळली. हे एक तेवढं चांगलं निघालं."

ती डबी घेऊन खिडकीशी गेली, नाणं कडेनं धरलं आणि उजेडात हळूहळू कलतं केलं. हे त्यानंच तिला शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, मोठ्या कौतुकानं. कोरं नाणं कलतं केलं की उजेड त्याच्यावरून चाकासारखा फिरतो. घासलेलं नुसतं चकाकतं, उजेड जागचा हलत नाही. ती बराच वेळ पाहत होती.

"छान आहे," ती म्हणाली आणि तिनं डबी मिटली. कोऱ्याचा जीव भांड्यात पडला. शहाणाच म्हणायचा!

त्या संध्याकाळी दोघं बाजारात गेली. भाजीवाली म्हणाली, "सुटे द्या बाई, सकाळपासून सगळे नोटाच देतायत." कोऱ्या खिसे चाचपू लागला. तेवढ्यात बायकोनं पिशवीतून डबी काढली, नाणं मुठीत घेतलं आणि भाजीवालीपुढे धरलं.

"अगं, ते काय देतेस? ते तिचं आहे!"

"तिचं तुम्ही विकलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून तर त्याला जास्त भीती वाटली. "हे सुटे पैसे आहेत. भाजीच आणायची ना त्याची?"

भाजीवालीनं नाणं डब्यात टाकलं. कोऱ्यानं तिच्या हातापाया पडून ते परत मागितलं. सापडायला वेळ लागला नाही. डब्यात चकाकणारं तेवढंच होतं. ते घेऊन वळला तोवर बायको कोपऱ्यापर्यंत पोचली होती. त्यानं हाक मारली. ती चालतच राहिली.

बोलणं तिनं टाकलं नाही. जेवायला वाढायची, विचारलं तर उत्तर द्यायची. कोरडी खोली त्यानं दुसऱ्याच दिवशी रिकामी केली, पाकिटं दमट भिंतीशी रचली. ती तिकडे झोपायला गेली नाही.

पुढं बँकेत नवी नाणी आली. "येतेस?" त्यानं दारातून विचारलं. मशीन चालूच होतं. तो एकटाच जाऊन रांगेत उभा राहिला. खिडकीमागे तोच कॅशियर होता, आता केस पिकलेले.

"आज एकटेच? घरचं कुणी नाही?"

"नाही," कोऱ्या म्हणाला. "कुणी नाही."

कॅशियरनं एक पाकीट सरकवलं.