जेवणाऱ्याकडे बघू नये

आमच्या आत्यांना देवाने किळस दिलीच नव्हती. त्यांच्या वाट्याची बहुतेक मला दिली. माझ्या नवऱ्याची ही आत्या ऐन तारुण्यात नर्स होऊन नॉटिंगहॅमला आली, उभा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात काढला आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आली, ती तो वॉर्ड सोबत घेऊनच. पिठलं पानात पडलं की त्यांना हटकून कुणाचं तरी गळू आठवायचं. "इतका पू निघाला ग वैशाली, अगदी अस्सा दाट!" माझा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. त्या वर तुपाची वाटी पुढे ओढायच्या.

सिंक तुंबलं की त्या ग्लोव्हज शोधत बसत नसत. सरळ बोटं घालून आतला केसांचा आणि भाताचा बुळबुळीत गोळा बाहेर काढायच्या आणि तो मला दाखवायच्या, जणू बाळंतपणच केलं. कवळी रात्री माझ्या चहाच्या कपात. मी नाक मुरडलं की म्हणायच्या, "घाण हाताला लागते ग, धुतली की जाते. तू मनाला का लावून घेतेस?" मी कप तेवढा बदलायचे.

अशा घरात आमच्या जुईने साप आणला. युनिव्हर्सिटी संपवून, नोकरी लागून परत घरी राहायला आलेली मुलगी, म्हटलं फार तर मांजर आणेल. "आई, don't freak out. तो खूप छोटा आहे, he's just a baby," असं म्हणत तिने पुठ्ठ्याचा खोका उघडला. आत पेन्सिलएवढं नारिंगी काहीतरी वळवळलं. मी जिन्यावर जाऊन बसले. आत्या चष्मा लावून खोक्यात वाकल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवलंय का ते?"

जेवलं नव्हतं, हीच तर अडचण होती. एक आठवडा गेला, दुसरा गेला, त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. साप विकणारा दुकानदार जुईला फोनवर म्हणाला, इतकी लहान पिल्लं जास्त दिवस तग धरत नाहीत. जुई रडकुंडीला आली. आत्यांनी तर ते फारच मनावर घेतलं. "माझ्या वॉर्डात कुणी उपाशी झोपलेलं नाही, माझ्या घरात झोपणार?"

त्याचं अन्न म्हणजे उंदराची नवजात पिल्लं. गुलाबी, बिनकेसांची, डोळे न उघडलेली, गोठवलेली. ती पिशवी आमच्या फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाला खेटून होती. एकदा घाईत भाजीसाठी हात घातला आणि मुठीत ती आली. तेव्हापासून त्या फ्रीझरमधला नारळ मी वापरला नाही. आत्या पिल्लू कोमट पाण्यात ठेवून ऊबदार करायच्या, तेही माझ्या आमटीच्या वाटीत! ती वाटी मी घासली नाही, सरळ बिनमध्ये टाकली.

मग आत्या चिमट्यात पिल्लू धरून सापाच्या तोंडापुढे नाचवायच्या. "घे रे राजा, एवढा एकच घास." जुई मोबाइलचा टॉर्च धरून उभी, मी दाराशी, पदराचा नाही तर टी टॉवेलचा बोळा नाकाला. साप काचेच्या पेटीतल्या भुशात डोकं खुपसून बसायचा. कोमट मांसाचा तो आंबूस वास पडद्यांना बसला होता. शेवटी एका रविवारी आत्यांनी निदान केलं. "दृष्ट लागलीय त्याला. तिघी तिघी टक लावून बसतो. जेवणाऱ्याकडे असं बघू नये."

त्यांनी चिमट्यातलं पिल्लू पेटीतच सोडलं, मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या पेटीवरून ओवाळल्या आणि किचनमध्ये जाऊन तव्यावर जाळल्या. मिरच्यांचा ठसका बसतो न बसतो तोच स्मोक अलार्म कोकलायला लागला. "बाळाला धूर लागेल!" म्हणून आत्यांनी अंगातलं निळं कार्डिगन पेटीवर टाकलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि आम्ही तिघी खोकत गार्डनमध्ये पळालो. परत आलो, कार्डिगन उचललं, तर सापाच्या तोंडातून दोन गुलाबी पाय बाहेर लोंबत होते. मी सिंक गाठलं.

"कोणी बघत नव्हतं ना, आत्याआजी, that's why!" जुई आनंदाने ओरडली.

"अगं, मग मी दुसरं काय म्हणत होते?" आत्या म्हणाल्या आणि ओकणाऱ्या माझी पाठ चोळायला आल्या. हात अर्थातच धुतलेला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात आत्यांनीच अंथरूण धरलं. त्यांना मी खालच्या खोलीत आणलं. त्यांचं सगळं मी केलं, तोंड फिरवत, श्वास रोखत, पण केलं. जेवण मात्र त्यांना जाईना. एका दुपारी मऊ भाताची वाटी घेऊन मी आणि जुई पलंगाशी बसलो होतो. "एक घास, आत्या." त्यांनी डोळे उघडले. "वैशाली, असं टक लावून बसू नये ग. जा बरं बाहेर." त्या हसल्यासारख्या वाटल्या. मी वाटी हाताशी ठेवली, पडदा ओढला, दार लावून घेतलं. किचनमध्ये आम्ही मायलेकी आशेने केटलकडे बघत उभ्या राहिलो.

आत गेलो तेव्हा भात तसाच होता. आत्या गेल्या होत्या.

आता जुई केंब्रिजला असते. तिच्या भाड्याच्या खोलीत पाळीव प्राणी चालत नाहीत, म्हणून साप माझ्या गळ्यात पडलाय. चांगला अंगठ्याएवढा जाड झालाय मेला. दर आठवड्याला मी तोंड फिरवून चिमट्याने उंदीर आत टाकते. पेटीवर आत्यांचं निळं कार्डिगन टाकते आणि दार ओढून बाहेर उभी राहते. तो जेवला का ते बघायला पुन्हा दार उघडायचं असतं, पण कडीवर हात ठेवून मी कितीतरी वेळ तशीच थांबते.

जुईला वाटतं, मला अजून किळस येते म्हणून.