पेटीवर मी असायचो

जुन्या जॅझ गाण्यांना मानवंदना देणारा कार्यक्रम होता. मंचावर दोघंच, गाणारी बाई आणि पियानोवर एक म्हातारा. एका गाण्यात ती ओळीच्या मध्येच थांबली. म्हाताऱ्यानं पट्ट्यांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले आणि तिच्याकडे बघत राहिला. तिला सूर सापडला, तसा तो हळूच तिच्या मागून वाजवू लागला.

मला मात्र ती शांतता सोसवली नाही. माझी बोटं खुर्चीच्या हातावर पुढचा सूर दाबत होती.

शेजारी बसलेली माझी बायको सुनीता पूर्वी भावगीतं गायची, पेटीवर मी असायचो. साथीदारानं गाणाऱ्याच्या मागं राहायचं असतं. पण ती एखाद्या सुरावर रेंगाळली की मी पुढचा सूर वाजवून मोकळा. लोक म्हणायचे, "वहिनींना काय सांभाळून घेता हो!" आपण ज्याला सांभाळून घेणं म्हणतो, ते पुष्कळदा नुसतं वाट न बघणं असतं. तिनं गाणं सोडलं, तेव्हा घसा बिघडलाय असं मीच सगळ्यांना सांगितलं. घसा ठणठणीत होता. हे झाकून झाकून आता दमलो.

मध्यंतरात एका मित्रानं विचारलं, "काय वहिनी, कसं वाटतंय?"

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळून मी चहाचा कप धरून उभा राहिलो. सुनीता बराच वेळ गप्प होती. मित्र चुळबुळायला लागला.

"छान," ती शेवटी म्हणाली, "पण हे आज माझ्या आधी बोलले नाहीत. डॉक्टरला दाखवायला हवं यांना."

मित्र हसला. मलाही हसू यायला हवं होतं. पण तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून किती वर्षं झाली, तेच आठवेना.