भोंगा वाजला आणि हॉल उठला

"लोकं हसले, तर हा नाटकाचा नाद सोडायचा आन् माझ्या जागी कंपनीत लागायचं," अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निक्षून सांगितलं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि बापाच्या जागी पोराला घ्यायची तिथं रीतच होती. मीही रागाच्या भरात "व्हय" म्हणून बसलो.

अण्णा चिकलठाण्याच्या कंपनीत पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवायचे. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, मग प्रेस खाली येणार, दिवसभर तेच. आमच्या नाटकात मशीन नव्हतं, संवाद नव्हते, गोष्टही नव्हती. आम्ही पाचजण रांगेत उभं राहून नुसते ते हात चालवायचो. पुंडलिकनगरच्या एका हॉलमध्ये रविवारी दुपारी प्रयोग लावला. प्रेक्षक झाडून सगळे कामगार आणि त्यांच्या घरचे.

पाच मिनिटांत लोक हसायला लागले. "अरे, यांना ओव्हरटाइम द्या कुणीतरी!" मागून एकजण ओरडला. माझे कान तापले. अण्णा दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेले. मला कंपनीतली जन्मठेप समोर दिसत होती, पण हात थांबवले नाहीत. मी मुळातच हट्टी.

मग ठरल्याप्रमाणे टेपवर सुट्टीचा भोंगा वाजला. तो आमच्यासाठी होता. भोंगा झाला तरी आम्ही थांबायचं नाही, एवढंच ठरलं होतं. पण उठले प्रेक्षक! हॉलमधले सगळे कामगार एका झटक्यात उभे. काहींचे हात तर डबा शोधत खुर्चीखाली गेले. अण्णासुद्धा उभे.

हसणं बंद. कोणी कोणाकडे बघेना. बसावं तरी लाज, उभं राहावं तरी लाज. आमचे हात चालूच होते आणि आता ते कोणालाच बघवत नव्हते.

आधी अण्णा बसले. खुर्ची घट्ट धरून म्हणाले, "वाजवा रे परत."

वाजवला. एकही माणूस उठला नाही. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा टाळ्यांचा असा कडकडाट झाला की भोंगा ऐकूच येईना. जिंकलो होतो आम्ही! मी स्टेजवर ढसाढसा रडलो आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

घरी येताना अण्णांनी नोकरीचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा पहिला भोंगा झाला. एरवी त्या आवाजाला ते अर्धा चहा तसाच टाकून सायकलवर टांग मारायचे. आई सवयीनं कप उचलायला आली.

"थांब की," अण्णा म्हणाले. "आज पुरा पितो."