हवा मस्त

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच ठाऊक नाही.

नागपुरात आमची कंट्रोल रूम. वीज किती बनते, किती लागते, याचा तोल सतत सांभाळायचा. मी आणि वैशाली बरोबरच नोकरीला लागलो. पण पवनचक्क्यांचा विषय निघाला की साहेब मला ओलांडून तिच्याकडे वळायचे. आम्हाला वाटे, वारा जोरात म्हणजे वीज भरपूर. ती म्हणायची, "लय जोरात असला की भ्यायचं गा. चक्क्या स्वतःले वाचवायले बंद पडतात." आणि खरंच पडतात. मग तेवढी वीज ऐन वेळी आणायची कुठून? ती आधीच धरणावरचं जनित्र सुरू करून ठेवायची. साहेब खूश. इकडे मी डबा तसाच परत न्यायचो. जळत होतो मी, दुसरं काय?

त्या संध्याकाळी माझी पाळी संपत आली होती. डेस्कचा फोन लागेना, म्हणून पवनचक्क्यांच्या डोंगरावरच्या ऑपरेटरने माझ्या मोबाईलवर कळवलं — वादळी वारा सुटलाय, चक्क्या थांबतील, तयारीत राहा. तेवढ्यात वैशाली आली. आमच्याकडे रीत आहे : जाणारा सांगतो, येणारा तेच मोठ्याने परत म्हणतो, मगच खुर्ची बदलते.

"हवा काय म्हणते गा?" तिने विचारलं.

"मस्त."

"हवा मस्त," ती म्हणाली आणि बसली.

मला काय हवं होतं? अंधार व्हावा, असं नाही. फक्त तिचा अंदाज चुकावा — एकदाच.

चक्क्या भराभर थांबल्या. धरणावरचं जनित्र बंदच होतं. तोल सावरायला तिला धरमपेठेपासून नरखेडपर्यंत वीज तोडावी लागली. चौकशीत ऑपरेटर म्हणाला, मी आधीच कळवलं होतं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. आणि मी म्हणालो, "मी तिला सांगितलं होतं. तिने परत म्हटलंही होतं."

तिने भांडायला हवं होतं, नाही का? तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ आठवत राहिली. मग साहेबांना म्हणाली, "सांगितलं असंन यानं. माह्याच डोक्यातून गेलं असंन."

तिची बदली काटोलच्या ऑफिसात झाली. खुर्ची मला मिळाली. नव्या पोरांना मी शिकवतो — वारा लय झाला की भ्यायचं. कुणाचं वाक्य, ते सांगत नाही.

कामानिमित्त तिचा फोन येतो. पूर्वी तिला एकदा सांगितलेलं पुरायचं. आता प्रत्येक गोष्ट ती दोनदा विचारते. "पुन्हा एक डाव सांग गा," म्हणते, "माह्या ध्यानात राहत नाही, तुले तर ठाऊक हाय."

मी पुन्हा सांगतो.